स्पोर्ट्स कारचा साइड मिरर हलतोय? अख्खा बदलायच्या आधी नेमकं काय हलतंय ते बघा

एका मित्राने मागच्या वर्षी सेकंड हँड टू-सीटर घेतली. जर्मन गाडी, छप्पर मागे दुमडणारी, वय दहाच्या पुढे. पहिले चार दिवस पुण्यातल्या पुण्यात फिरवून झाली, फोटो टाकून झाले. पाचव्या दिवशी गडी मुंबईला निघाला. एक्सप्रेसवेला लागून काटा ९० च्या पुढे गेला आणि उजव्या आरशात मागचा ट्रक चक्क नाचायला लागला. म्हणजे ट्रक सरळच येत होता, नाचत होता तो आरसा.

सर्व्हिस सेंटरने आरसा हाताने दोनदा हलवून बघितला आणि निकाल दिला : अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. पार्ट बाहेरून येणार, दोन महिने थांबा, वर रंग मॅच करायचे पैसे वेगळे. कोटेशनमध्ये जो आकडा होता तेवढ्यात एक बऱ्यापैकी स्कूटर आली असती.

शेवटी काम झालं नाना पेठेच्या जवळच्या एका गॅरेजात. आत दोन स्क्रू ढिले झाले होते आणि तिसरा जागेवरच नव्हता. एवढंच.

आता प्रत्येक वेळी गोष्ट इतकी स्वस्तात सुटते असं नाही. पण साइड मिरर हलायला लागला की 'आरसा गेला' असं सरसकट म्हटलं जातं, तिथेच पैसे जातात. कारण आरसा हलण्याच्या जागा मुळात तीन असतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा. कुठली जागा हलतेय हे ओळखायला दोन मिनिटं आणि एक बोट पुरतं. कसं, ते सांगतो. पण त्याआधी, आरसा थोडासा हलला तर बिघडतं काय?

दीड मिलिमीटर म्हणजे एक लेन

शाळेत शिकलेलं आठवतंय का, आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात? परीक्षेत लिहून विसरून गेलेलं हे वाक्य इथे कामाला येतं. त्याचा अर्थ असा होतो की आरसा १ अंश फिरला तर तुमची नजर २ अंश फिरते. हलणं दुप्पट होऊन दिसतं.

२ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण १०० मीटर मागे बघताना २ अंश म्हणजे साधारण साडेतीन मीटर. आणि आपल्या हायवेची एक लेन किती रुंद असते? साडेतीन मीटर. म्हणजे आरसा फक्त १ अंश इकडे-तिकडे होत असेल, तरी १०० मीटर मागून येणारी गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे तुम्ही सांगू शकत नाही.

आणि हा १ अंश आरशावर दिसतो केवढा? काच साधारण १७ सेंटीमीटर रुंद धरली, तर तिची कड मधल्या जागेपासून दीड मिलिमीटर पुढे-मागे होते. नाण्याच्या जाडीएवढं. पार्किंगमध्ये उभं राहून बघाल तर 'थोडासा प्ले आहे' एवढंच म्हणाल.

वर वाऱ्याचा जोर आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की दाब चौपट. ताशी १२० किलोमीटरला साध्या आकाराच्या आरशावर ढोबळमानाने एक किलोभर वजनाचा रेटा येतो. हा रेटा एकसारखा असता तरी चाललं असतं, आरसा एका जागी दाबून बसला असता. पण आरशाच्या मागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते आळीपाळीने, एकदा या कडेवरून एकदा त्या कडेवरून सुटतात. त्यामुळे आरसा सतत थरथरवला जातो. आवळलेला आरसा हे पचवतो, ढिला आरसा नाचतो.

हे दुखणं आरशाइतकंच जुनं आहे

३० मे १९११. अमेरिकेत इंडियानापोलिसला पहिली ५०० मैलांची रेस होती. त्या काळात रेसिंग कारमध्ये दोन माणसं बसायची. एक ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक. मेकॅनिकच्या कामातलं एक काम म्हणजे मागे वळून बघणं आणि कोण येतंय ते ओरडून सांगणं.

रे हॅरून नावाच्या ड्रायव्हरने मात्र मार्मन वास्प ही पिवळी गाडी एकट्यासाठीच बनवून घेतली होती. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी, गाडी सडपातळ. बाकीच्या ड्रायव्हरांनी लगेच तक्रार केली की याला मागचं दिसणार नाही, हा आम्हाला धोका आहे. त्यावर हॅरूनने समोर दांड्यांवर ८ इंच बाय ३ इंचांचा एक आरसा बसवला. अशी कल्पना आपल्याला शिकागोत एका घोडागाडीवर लावलेला आरसा बघून सुचली होती, असं तो सांगायचा.

रेस त्यानेच जिंकली. ६ तास ४२ मिनिटं, सरासरी वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. मोटारीवर रिअर व्ह्यू मिरर लावण्याचं श्रेय आजही बऱ्याचदा त्यालाच दिलं जातं.

गंमत पुढे आहे. तो ट्रॅक विटांचा होता, ३२ लाख विटा बसवलेल्या. त्या विटांवरून जाताना आरसा इतका हलायचा की त्यात काहीच दिसत नव्हतं, हे हॅरूनने नंतर स्वतःच कबूल केलं. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला आरसा रेसभर शोभेला होता. तक्रार करणाऱ्यांचं तोंड बंद झालं, एवढाच त्याचा उपयोग.

जाता जाता सांगायला हवं, त्याच्या दोन वर्षं आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर बाईंनी बायकांसाठी मोटार चालवण्यावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात त्यांनी सल्ला दिलाय की सोबत हातातला छोटा आरसा ठेवा आणि मधून मधून वर धरून मागची वाहतूक बघा. हाताने धरलेला आरसा निदान हाताएवढाच हलतो.

मग स्पोर्ट्स कारचा आरसा जास्त का हलतो?

एक कारण उघड आहे. सस्पेन्शन कडक, टायर पातळ. रस्त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक जोड सरळ बॉडीत जातो आणि बॉडीतून आरशात.

दुसरं कारण दरवाजा. साध्या सेडानच्या दरवाजाला खिडकीभोवती पूर्ण फ्रेम असते आणि आरसा तिच्या पुढच्या तिकोनी कोपऱ्यात पक्का बसतो. टू-डोअर आणि उघड्या छपराच्या बऱ्याच गाड्यांना ही फ्रेमच नसते, काच मोकळी वर येते. काही मॉडेलमध्ये आरसा खिडकीच्या कोपऱ्याऐवजी खाली दरवाजाच्या पत्र्यावर, एका बारीक दांडीवर उभा असतो. दिसायला झकास आणि हवाही मधून जाते. पण दांडी जितकी लांब आणि बारीक, तितकी तिच्या बुडाशी असलेल्या स्क्रूंवर ओढ जास्त. बुडाशी केसभर फट पडली तरी टोकाला ती कितीतरी पटीने दिसते.

आरसा कुठे लावायचा यावर डिझायनर लोकांनी प्रयोग पण भारी केलेत. १९८४ ला आलेल्या फेरारी टेस्टारोसाला सुरुवातीला बाहेर एकच आरसा होता, तोही ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या खांबावर अर्ध्या उंचीवर. पुढे काही वर्षांत तो खाली आला आणि त्याला जोडीदारही मिळाला. जपानमध्ये तर १९८३ पर्यंत नियमामुळे आरसे दरवाजावर नसायचेच, बॉनेटच्या दोन्ही कडांना, पार पुढे असायचे. तिथल्या जुन्या फेअरलेडी झेडचे फोटो बघा, कळेल.

आपल्याकडे आरशाचं एवढं कौतुक कधीच नव्हतं. २००९ च्या नॅनोच्या बेस मॉडेलला डावीकडचा आरसा नव्हताच, आणि कित्येक जण आजही नवी गाडी आरसे मिटूनच शहरात चालवतात. पण रोडस्टरमध्ये हे परवडत नाही. छप्पर वर असलं की मागची काच टपाल पेटीच्या फटीएवढी दिसते, बसायची जागा खाली, बाजूचे खांब जाड. मागचं जे काही कळतं ते या दोन आरशांवरच.

बोट कुठे ठेवायचं

गाडी सपाटीला उभी करा, इंजिन बंद. आरशाचे तीन भाग डोळ्यासमोर आणा. दरवाजाला चिकटलेलं बूड. त्याच्यावर मिटणारं-उघडणारं डबडं, म्हणजे हाउसिंग. आणि डबड्याच्या आत मोटरवर बसवलेली काच.

पहिल्यांदा काच. एका हाताने हाउसिंग गच्च धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काचेचे चारही कोपरे हलके दाबा. काच थोडी दबून परत जागेवर येणं नॉर्मल आहे, कारण ती मोटरच्या गोळ्यावर बसलेली असते. पण टक टक आवाज येत असेल, एखादा कोपरा मोकळा लागत असेल, तर दुखणं तिथे आहे.

मग बिजागरी. आता बूड धरा आणि हाउसिंग वर-खाली हलवून बघा. मिटायच्या दिशेने नाही, ती दिशा हलण्यासाठीच आहे. वर-खाली हललं तर आतली स्प्रिंग किंवा बिजागरी सैल झाली आहे.

शेवटी बूड आणि दरवाजा यांच्या मधली फट. इथे मित्राच्या गाडीवर मिस्त्रीकाकांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. ते मित्राला म्हणाले, "साहेब, डोळ्याने नका बघू. बोट ठेवा इथं." बोटाचं टोक अर्धं दरवाजाच्या पत्र्यावर, अर्धं आरशाच्या बुडावर. आणि त्यांनी स्वतः आरसा हळूच हलवला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण बोटाला फट उघडते-मिटते ते लगेच कळलं. सर्व्हिस सेंटरमध्ये हेच राहून गेलं होतं. तिथे आरसा टोकाला धरून हलवला आणि तो हलला म्हणून बाद केला. टोकाला धरून हलवलं तर काहीही हललं तरी टोकच हलताना दिसणार.

उभ्या गाडीत काही सापडलं नाही, तर शेजारी बसलेल्याला मोबाइल द्या आणि चालत्या गाडीत आरशाचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. डबडं स्थिर आणि काच हलतेय, की डबड्यासकट सगळं हलतंय, हे दहा सेकंदात दिसतं. (रील टाकायची तर टाका, पण व्हिडिओ ड्रायव्हरने काढायचा नाही.)

आणि एक. आरसा फक्त सिग्नलला, गाडी न्यूट्रलवर उभी असतानाच धूसर होत असेल आणि गाडी निघाली की साफ, तर आरशाच्या मागे लागू नका. तिथे इंजिन माउंट तपासून घ्या. इंजिनाची थरथर अख्ख्या बॉडीत येत असते, आरसा फक्त ती दाखवतो.

फुकटचा इलाज आधी

आरसा बटणाने मिटत असेल तर पाना उचलायच्या आधी हे करून बघा. बाईकवाल्याने धक्का दिला, सोसायटीच्या वॉचमनने हाताने मिटवला, असं काही झालं की आतली दाती मोटरच्या खाचेतून सुटते. मग आरसा उघडलेला दिसतो, पण अडकलेला नसतो, लुळा असतो. अशा वेळी बटणाने पूर्ण मिटवा, पूर्ण उघडा. असं दोन-तीनदा करा. बऱ्याच गाड्यांत मोठ्याने 'टक' असा आवाज येतो आणि आरसा पुन्हा घट्ट होतो. तो आवाज ऐकून घाबरायचं नाही, तोच हवा असतो.

बिजागरीचं हे सुटणं हा दोष नाही, ती तशीच बनवलेली असते. आरसा कुणा पादचाऱ्याला लागला तर तो मिटला पाहिजे, माणूस मोडता कामा नये. म्हणूनच बिजागरी कायमची जाम करायचा, एम-सील भरून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बूड ढिलं असेल तर

हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात स्वस्त आहे. आरसा जिथे बाहेरून बसतो, त्याच्या बरोबर आत दरवाजाला एक तिकोनी प्लास्टिकचं झाकण असतं. बऱ्याच गाड्यांत त्याच्यातच छोटा स्पीकरही असतो. हे झाकण बहुतेक वेळा क्लिपांवर असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकला कायमचा ओरखडा येतो. प्लास्टिकची पट्टी घ्या किंवा जुनं एटीएम कार्ड. स्पीकरची वायर असेल तर कपलर सोडवून घ्या.

आत बहुतेक गाड्यांत तीन बोल्ट किंवा नट दिसतात. काहींना साधा पाना लागतो, जर्मन गाड्यांना बहुतेक करून चांदणीच्या आकाराचा, टॉर्क्स. बळजबरीने एलन की घुसवली तर डोकं गोल होऊन बसेल आणि मग खरा खर्च सुरू होईल.

हात घालायच्या आधी दरवाजाच्या भोकात एक फडकं कोंबा. हा मिस्त्रीकाकांचा नियम. एखादा स्क्रू हातातून सुटला तर तो थेट दरवाजाच्या पोटात जातो, आणि मग प्रत्येक वेळी दार लावलं की खुळखुळा वाजतो. मित्राचा हरवलेला तिसरा स्क्रू तिथेच सापडला. आधीच्या कुणीतरी पाडला होता आणि दोनवरच भागवलं होतं.

आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. तिघांना थोडं थोडं, आळीपाळीने. म्हणजे बूड सगळीकडून सारखं बसतं. आणि जोर लावायचा नाही. पलीकडे बऱ्याचदा प्लास्टिक किंवा हलका धातू असतो, आटे गेले की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये किती आवळायचं याचा आकडा असतो. टॉर्क पाना असेल तर तोच पाळा.

स्क्रू पुन्हा ढिला होऊ नये म्हणून आट्यांना निळं थ्रेडलॉकर लावतात, त्याचा एक थेंब पुरतो. पण पलीकडचे आटे धातूचे असतील तरच. काही प्लास्टिकना हे लिक्विड चालत नाही, त्यांना तडे जातात.

सगळं आवळूनही किंचित हलत असेल तर बूड आणि पत्रा यांच्यामधलं रबर बघा. दहा-बारा उन्हाळे खाल्लेलं रबर चपटं आणि कडक होतं. बोल्ट आपल्या जागी घट्ट असतात, पण मध्ये पकड धरायला काही उरलेलं नसतं. रबर एकटं मिळालं तर उत्तम. त्यासाठी आरसा पूर्ण उतरवावा लागतो आणि तेव्हा बाहेरून कुणीतरी आरसा धरून ठेवायलाच हवा, नाहीतर तो वायरीला लटकतो आणि दरवाजाच्या रंगावर आपटतो.

इथे थांबा

दांडीवरच्या आरशाचे बोल्ट तिकोनी झाकणामागे नसतात, बऱ्याचदा अख्खं डोअर पॅड काढावं लागतं. आणि इथे स्पोर्ट्स कार वेगळी पडते. उघड्या छपराच्या गाडीला पडदा एअरबॅग लावायला छपराची कडच नसते, म्हणून काही टू-सीटरमध्ये बाजूची एअरबॅग थेट दरवाजात असते. अशा दरवाजाला बॅटरी जोडलेली असताना हात लावायचा नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने बॅटरी सोडवायची, सांगितला तेवढा वेळ थांबायचं आणि मगच पॅड. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर ते काम जाणत्या माणसाकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं म्हणजे, फ्रेम नसलेल्या दरवाजाची काच दार उघडताना आपोआप थोडी खाली येते आणि लावल्यावर वर जाते. बॅटरी काढून परत लावली की काही गाड्या हे विसरतात. मग दार लावताना काच छपराच्या रबरावर आपटते. बॅटरी जोडल्यावर काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवलं की बहुतेक गाड्यांना ते आठवतं. नेमकी पद्धत मालकाच्या पुस्तकात असते.

काच किंवा बिजागरी असेल तर

काच सैल असण्याची कारणं दोन. मागच्या प्लास्टिकच्या प्लेटची क्लिप तुटलेली असते, किंवा काच त्या प्लेटला चिकटवणारा गोंद उन्हाने वाळून सुटलेला असतो. काच बाहेर काढण्याआधी तिच्यावर सेलोटेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या मारा आणि हातमोजे घाला. फुटलीच तर तुकडे टेपला चिकटून राहतात. मग बटणाने काच एका बाजूला पूर्ण झुकवा, जी कड बाहेर येईल तिच्यामागे बोटं घालून सावकाश ओढा. मागे हीटरच्या दोन वायरी असू शकतात, हिसका देऊ नका.

चिकटवायला फेव्हिक्विक नको. ते वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, थरथर सहन करत नाही, आणि त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पण नको, त्यातलं आम्ल आरशाच्या मागचा थर खाऊ शकतं आणि कडेने काळे डाग चढतात. दुकानात 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा, नाहीतर गाड्यांसाठीची जाड डबल टेप. परत बसवताना काचेवर फडकं ठेवून मधोमध तळव्याने दाबायचं, कोपऱ्यावर नाही. क्लिपा बसल्याचा आवाज येईपर्यंत.

क्लिप तुटली असेल तर प्लेटसकट नवी काच मिळते, अख्ख्या आरशापेक्षा ती खूप स्वस्त पडते. फक्त ती कुठल्या देशाच्या गाडीची आहे ते बघून घ्या. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याच्या बाजूची काच नियमाने सपाट असते आणि उजवीकडची बहिर्वक्र, 'आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत' असं लिहिलेली. ज्युरासिक पार्कमध्ये डायनासोर मागे लागलेला असताना जे वाक्य आरशावर दिसतं, तेच. अमेरिकेतून स्वस्तात मागवलेली उजवी काच आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूला बसते आणि अंतराचा अंदाज सुरुवातीला चुकू शकतो.

बिजागरीचं मात्र घरी नको. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर डोळ्याकडे येते. हाताने मिटणाऱ्या काही जुन्या आरशांत चांगला मिस्त्री स्प्रिंगखाली एक पातळ वाशर टाकून ताण वाढवून देतो आणि आरसा काही वर्षं काढतो. मोटरवाल्या आरशात दाते झिजले असतील तर मिटवायची मोटर वेगळी मिळते का ते आधी विचारा. हाउसिंगसकट सगळं नवं घ्यायची गरज प्रत्येक वेळी नसते.

गरज पडते ती बुडाला किंवा दांडीला तडा गेला असेल तेव्हा. तडा चिकटवून वापरायचा नाही, तो वेगात कधी सुटेल सांगता येत नाही. अशा वेळी मुंबईत कुर्ल्याच्या स्पेअर मार्केटमध्ये किंवा इतर शहरांतल्या जुन्या पार्टच्या बाजारात जोडीतला एक आरसा मिळू शकतो. घेताना रंग नंतर बघा, आधी कपलरच्या पिना मोजा. हीटर, मिटवायची मोटर, आपोआप मंद होणारी काच, ब्लाइंड स्पॉटचा दिवा, या प्रत्येकाच्या वायरी वेगळ्या. एकच मॉडेल, एकच वर्ष, तरी पिना कमी-जास्त असू शकतात.

मित्राच्या गाडीचं काम पाऊण तासात झालं, काकांनी पाचशे रुपये घेतले. आठ दिवस गाडी चालवून परत या म्हणाले, स्क्रू बसले की एकदा तपासावे लागतात. तो गेला. उजवीकडचे तिन्ही जागच्या जागी होते. मग काकांनी न सांगताच डावीकडे जाऊन फटीवर बोट ठेवलं, आरसा हलवला आणि म्हणाले, "झाकण काढा साहेब, हा पण उघडू."